वडांचा रस्ता, शाकंभरीची रात्र

सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईकडे वळलं की गाडीतला उजेड एकदम उतरतो. दोन्ही बाजूंना वड आणि डोक्यावर त्यांच्या फांद्यांचा मांडव. महाबळेश्वरला जाणारा प्रत्येक पुणेकर या रस्त्याने गेलेला असतो, बहुतेक वेळा खंबाटकी उतरल्यावर लागलेल्या डुलकीत. मीही लहानपणापासून अशीच गेले. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पाचगणीला जाताना निघायला उशीर झाला आणि इथे पोहोचेस्तोवर दिवेलागण झाली. तेव्हा निळसर काळोखात तो मांडव असा काही दिसला की डोक्यात एकच फोटो ठाण मांडून बसला. तिन्हीसांजेचा रिकामा रस्ता, एकही गाडी नाही, आणि पारंब्यांवर चांदणं.

त्यासाठी पौर्णिमा हवी, कोरडी हवा हवी आणि जोडून सुट्टी हवी. मोबाइलमधल्या चंद्राच्या अ‍ॅपने 3 जानेवारी, शनिवार असा मुहूर्त काढून दिला. मी लगेच शुक्रवारची रजा टाकली, वाईत लॉज ठरवला आणि नवऱ्याला ड्रायव्हर-कम-हमाल म्हणून नेमून टाकलं. चंद्र किती वाजता उगवणार, कुठल्या दिशेला, मध्यरात्री किती वर येणार, सगळं वहीत लिहून घेतलं. एवढा अभ्यास केला, पण स्वयंपाकघरात लटकलेल्या कॅलेंडरकडे काही नजर गेली नाही.

शुक्रवार, 2 जानेवारी

चारच्या सुमारास सुरूरला उतरलो. नवऱ्याने गाडी एका चहाच्या टपरीशेजारी लावली आणि मी पायी निघाले. अंधारात फोटो काढायचे असतील तर जागा उजेडातच हेरून ठेवावी लागते. कडेचा उतार कुठे भुसभुशीत आहे, गटार कुठे उघडं आहे, वळणावरून येणारी गाडी किती अंतरावरून दिसते, हे रात्री टॉर्चने कळत नाही. मी चालले आणि जिथे जिथे बरं वाटलं तिथे खडूने दगडावर खूण केली. तशा सहा खुणा झाल्या. त्यातल्या दोनच शेवटी कामी आल्या.

हा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम धावतो. म्हणजे संध्याकाळी वाईकडे तोंड केलं की मांडवाच्या टोकाला मावळतीचा उजेड मिळतो आणि पहाटे सुरूरकडे तोंड केलं की उगवतीचा. वड मात्र सलग नाहीत. मधेमधे दात पडल्यासारख्या मोकळ्या जागा आहेत आणि तिथून आकाशाचा पांढराफटक तुकडा आत घुसतो. डोळ्यांना तो खुपत नाही, कॅमेऱ्याला खुपतो. रुंद लेन्स लावली तर हे तुकडे जास्तच दिसतात. लांब पल्ल्याची लेन्स लावून दूरवर उभं राहिलं की झाडं एकमेकांत सरकतात आणि मांडव दाट होतो. रुंद लेन्स मी मोठ्या हौसेने मैत्रिणीकडून मागून आणली होती. तीन दिवसांत ती बॅगेतून दोनदा बाहेर आली.

टपरीवाल्या काकांनी चहा दिला आणि विचारलं, "मोजणीवाले का तुम्ही?"

"नाही हो काका, फोटो काढायला आलोय. झाडांचे."

"आधी काढून घ्या," ते म्हणाले. "रस्ता मोठा करायचं निघतं अधनंमधनं. मग कुणीतरी येतं, झाडाला आकडा घालून जातं."

झाडं कोणी लावली असं विचारलं तर त्यांनी ब्रिटिशांच्या खात्यावर टाकली. त्यांच्या आजोबांनीही ती एवढीच मोठी पाहिली होती म्हणे. मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, जी मी इतकी वर्षं या रस्त्याने जाऊन कधी पाहिली नव्हती. रस्त्यावर लोंबणाऱ्या पारंब्यांची टोकं कापलेली आहेत. वडाची पारंबी जमिनीला टेकली की मूळ धरते आणि तिचा खांब होतो. रस्त्याच्या मधोमध खांब उभे राहून कसं चालेल? म्हणून एस.टी. आणि ट्रकच्या उंचीच्या वर त्या छाटतात. वर मान करून पाहिलं तर सगळ्या पारंब्या एका रेषेत तुटलेल्या, कोणीतरी डांबराला समांतर कात्री चालवल्यासारख्या. कापलेल्या टोकांना पुन्हा बारीक पिवळसर मुळांचे झुपके फुटले होते, रंगाच्या जुन्या ब्रशसारखे.

सूर्य सहा-दहाच्या आसपास मावळला. मांडवाखाली काळोख बाहेरच्या आधी येतो. बाहेर शेतात अजून माणसांचे चेहरे दिसत होते, तेव्हा आत मला आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो तो आकडा) 200 आणि एफ (लेन्सचं तोंड किती उघडं तो आकडा) 8 ठेवून एका फोटोला पंधरा सेकंद लागत होते. तेवढ्यात एकतरी गाडी येणारच. समोरून आली की हेडलाइटचा पांढरा गोळा आणि बाकी सगळं काळं. मी वाट बघत राहिले. दोन गाड्यांच्या मधे रस्ता रिकामा झाला की बटण दाबायचं. पण गाड्या थांबेनातच. टेम्पो, जीप, छोटा हत्ती, त्यांच्यावर लाल-पिवळे झेंडे, आत दाटीवाटीने बायामाणसं. नवरा म्हणाला, "लग्नसराई दिसतेय." पौषात लग्नसराई! दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला लॉजच्या काउंटरवर. आगाऊ पैसे भरलेली आमची खोली दुसऱ्या कोणाला तरी दिली होती. "यात्रेची गर्दी आहे ताई, फोन लागला नाही तुमचा," असं म्हणून पैसे परत मिळाले, खोली नाही. कसली यात्रा विचारायलाही लाज वाटली, म्हणून बाहेर येऊन सासूबाईंना फोन लावला.

"अगं, उद्या शाकंभरी पौर्णिमा नाही का! मांढरदेवीची जत्रा. मी इथे एकटीने भाज्या निवडत बसलेय नैवेद्याच्या, आणि तुम्ही दोघं देवीच्या पायथ्याशी जाऊन बसलात आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत?"

म्हणजे मी ज्या चंद्राचे अंश मोजत होते, त्याच चंद्रावर सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे इथल्या लाखो माणसांचं गणित आधीच बसलेलं होतं. वाईतून मांढरदेवीच्या, म्हणजे काळूबाईच्या डोंगरावर रस्ता चढतो, आणि खालच्या अंगाने येणारे त्यातले कित्येक माझ्या रिकाम्या रस्त्यावरूनच जाणार होते.

"आता गेलाच आहात तर कोणाहाती तरी माझी ओटी पाठवा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रात्रीची सोय टपरीवाल्या काकांनी केली. त्यांच्या भावजयीच्या घरी माळवदावर एक खोली होती, ज्वारीची पोती एका बाजूला आणि दोन गाद्या एका बाजूला. जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, लोणी आणि खर्डा. लॉजवाल्याला मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

मग फोटो संगणकावर घातले. एकूण एक हललेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसत होते, इथे मोठे केले तर प्रत्येक बुंध्याला दोन-दोन कडा. चुका माझ्याच होत्या. ट्रायपॉडवर असताना लेन्समधली कंप रोखणारी यंत्रणा बंद करायची असते, ती चालू राहिली होती. न होणारा कंप शोधत ती स्वतःच हलत बसते. शिवाय उंची हवी म्हणून ट्रायपॉडची मधली दांडी पूर्ण वर ओढली होती. शेजारून ट्रक गेला की डांबराची कड थरथरते, आणि ती थरथर त्या दांडीच्या टोकाला दुप्पट होऊन पोहोचते. पाय लांब करा, दांडी खालीच ठेवा आणि बॅग मधल्या हुकाला अडकवा. बॅग जमिनीला किंचित टेकलेली असू द्या, नाहीतर तीच झोपाळ्यासारखी हलते.

आणखी एक. अंधारात कॅमेऱ्याचा पडदा खोटं बोलतो. डोळे काळोखाला सरावलेले असतात, त्यामुळे फोटो आहे त्यापेक्षा लख्ख वाटतो. पडद्याचा उजेड कमी करून ठेवा आणि विश्वास हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतला उजेड-काळोख दाखवणाऱ्या आलेखावर ठेवा.

शनिवार, 3 जानेवारी

साडेपाचला बाहेर पडलो तर धुकं. धोमच्या कालव्याचं पाणी आणि दोन्ही बाजूंना ऊस, त्यामुळे इथली पहाट ओली असते. नवऱ्याने सासूबाईंनी विणलेली कानटोपी घातली होती आणि वरून चमकदार पट्ट्यांचं जॅकेट. ते जॅकेट दीडशे-दोनशे रुपयांना हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. रस्त्यावर उभं राहायचं असेल तर कॅमेऱ्याआधी ते घ्या. आमची वाटणी ठरलेली होती. मी कडेला, डांबराच्या बाहेर. तो माझ्या मागे पन्नास पावलांवर, टॉर्च जमिनीकडे धरून. गाडी आली की हाक द्यायची. एकट्याने हे काम करूच नये.

धुक्यात हिंमत वाढते, कारण आकाशाचे ते पांढरे तुकडे पुसले जातात. पहिलं झाड काळं, दुसरं करडं, तिसरं जेमतेम, चौथं फक्त अंदाज. मी पंचवीस सेकंदांचा एक फोटो घेतला. तो संपला आणि कॅमेरा "थांबा" म्हणून बसला. तेवढ्यात मागून घुंगुरमाळांचा आवाज. नवऱ्याने हाक दिली, "बैलगाडी! बैलगाडी!"

धुक्यातून उसाने लादलेली गाडी आली. पुढे गडी, वर उसाच्या ढिगावर घोंगडी गुंडाळून बसलेली बाई आणि तिच्या कुशीत टोपडं घातलेलं पोर. मागे आणखी दोन गाड्या. जुवाला बांधलेल्या बॅटरीचा उजेड बैलांच्या वशिंडावर आणि त्यांच्या श्वासाच्या वाफेवर पडलेला. फोटोग्राफर जन्मभर ज्याची वाट बघतो ते माझ्यापासून दहा हातांवरून चाललं होतं, आणि माझा कॅमेरा बंद होता.

बंद म्हणजे कामात होता. बराच वेळ घेतलेल्या फोटोत रंगीत ठिपके येतात, ते दाणे काढण्याची एक सोय असते. ती चालू असली की पंचवीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी पंचवीस सेकंद शटर मिटून एक काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. शहरात बाल्कनीतून फोटो काढताना हे चालतं. रस्त्यावर नाही. आधी ते बंद करा. दाणे घरी जाऊन काढता येतात, बैलगाडी घरी येत नाही.

शेवटच्या गाडीतल्या मावशी मला बघून थांबल्या नाहीत, पण चालत्या गाडीतून म्हणाल्या, "एवढ्या गारठ्यात काय हरवलं बाई?" बीडकडची बोली होती. दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेली टोळी असावी. मी काहीतरी उत्तर दिलं, ते धुक्यात विरलं. या गाड्यांना मागे दिवा नसतो. ट्रॉल्यांनाही बऱ्याचदा नसतो. गाळप हंगामात या भागात रात्री गाडी चालवताना हे ध्यानात ठेवा.

सात वाजून गेल्यावर उजाडलं आणि धुकं दुधासारखं पसरट झालं. त्यात मजा नव्हती. लेन्सवर दव धरलं होतं, रुमालाने पुसून पुसून तिचा चिखल झाला होता. लेन्सच्या टोकाला हूड लावलं तर दव बरंच उशिरा धरतं. ते माझ्याकडे होतं. पुण्यात.

दिवसभर करायचं काही नव्हतं, म्हणून आधी मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेचा घाट. घाटावर ती मोठी घंटा आहे, 1739 च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे, हे दोन वेळा येऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. यावेळी सकाळचं तिरपं ऊन पडलं होतं म्हणून दिसली. तिथून पाचगणीला जायचं ठरवलं आणि नवीन वर्षाच्या गर्दीत पसरणी घाटात तासभर अडकलो. त्याबद्दल आमचं आम्हीच कौतुक करून घेतलं.

पाचगणीच्या सिल्व्हर ओकच्या रांगा मात्र पाहायलाच हव्या होत्या. जॉन चेसनने एकोणिसाव्या शतकात हे गाव वसवताना परदेशी झाडं आणून लावली, त्यातलंच हे ऑस्ट्रेलियाचं झाड. सरळसोट, शिस्तीचं, शाळेच्या गणवेशात उभं असल्यासारखं. पानाची खालची बाजू रुपेरी असते, वारा आला की अख्खं झाड पांढरं पडतं. दोन फोटो काढले, ते लगेच चांगले आले आणि लगेच कंटाळाही आला. सगळी झाडं एकसारखी असली की रस्ता कुठे संपतो एवढंच बघायचं उरतं. वडाखाली प्रत्येक बुंधा वेगळा भांडतो. स्ट्रॉबेरी घेतल्या, उतरताना त्यातल्या निम्म्या घाटातच संपवल्या.

वाईत गणपती आळीत ढोल्या गणपतीला हात जोडले. बाजारातून खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेतलं आणि साडेपाचला पुन्हा टपरीवर हजर झालो.

आदल्या दिवशीपेक्षा गर्दी चौपट. काकांनी बाकडी वाढवली होती, भावजय भजी तळत होत्या. दर पाच मिनिटांनी टेम्पो थांबायचा, हलगी वाजायची, "काळूबाईच्या नावानं चांगभलं!" असा गजर व्हायचा आणि टेम्पो पुढे. मी ट्रायपॉड लावून रिकाम्या रस्त्याची वाट पाहत होते, म्हणजे जत्रेत जत्रा थांबायची वाट पाहत होते. वीस मिनिटं झाली. मावळतीचा तांबूस रंग उतरत होता. नवरा मागून म्हणाला, "बाई गं, हे सकाळपर्यंत थांबणार नाहीत. तू यांचाच फोटो काढ की."

मी चिडून बटण दाबलं, आणि त्या वीस सेकंदांत मागून एक टेम्पो गेला.

पडद्यावर आलं ते बघून मी गप्पच झाले. समोरून येणारी गाडी फोटो जाळते. पाठीमागून येणारी गाडी मात्र जाता जाता झाडं उजळत जाते. बुंधे एकेक करून उजेडात येतात, गाडी पुढे गेली की तिचा उजेड पुढच्या झाडावर, तिथून पुढच्या. वीस सेकंदांत पूर्ण रांग रंगवून होते आणि खाली टेललाइटची लाल रेघ राहते. आणि जत्रेची सगळी वाहतूक वाईकडे, म्हणजे माझ्या पाठीकडून समोर चाललेली होती. दोन संध्याकाळी मी याच दिव्यांशी भांडत होते.

मग मी धडाधड फोटो घेत सुटले, आणि हळूहळू दिव्यांच्याही जाती कळायला लागल्या. नव्या गाड्यांचे एलईडी झाडाला दवाखान्यात नेऊन ठेवतात, साल निळी-पांढरी, मेल्यासारखी. जुन्या टेम्पोंचा पिवळा हॅलोजन पडला की तीच साल हत्तीच्या कातडीसारखी उबदार दिसते. डिपरवर चालणारी गाडी फक्त बुंधे उजळते, चुन्या-गेरूच्या पट्ट्यांपर्यंत. अप्पर लावलेली असली तर उजेड वर मांडवापर्यंत जातो. पण समोरून सतत कोणी ना कोणी येत असल्यामुळे बिचारे सगळे डिपरवर होते.

साडेसहाला सांगलीकडचा एक जुना टेम्पो चहाला थांबला. त्यातल्या एका मावशी थेट माझ्याकडे आल्या. नऊवारी, कपाळभर मळवट, हातात परडी.

"कशाचं फोटू काढताय अंधाराचं?"

मी पडद्यावरचा फोटो दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "आन् आमी कुठं यात?"

"तुम्ही अजून यायच्या आहात," मी म्हटलं. मग एकदम सुचलं आणि ओटीची पिशवी पुढे केली. "मावशी, एवढं देवीपर्यंत न्याल का? माझ्या सासूबाईंची आहे. आम्हाला काही वर जाता येणार नाही."

त्यांनी पिशवी घेतली नाही, आधी पदर पसरला. मी ओटी पदरात घातली. "नाव सांगा सासूचं." मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून घोकलं आणि पदराची गाठ मारली.

इकडे नवरा टेम्पोच्या ड्रायव्हरपाशी वाटाघाटी करत होता. या माणसाला दोन दिवस माझ्या फोटोंशी काही देणंघेणं नव्हतं, पण आता त्याच्यात काहीतरी संचारलं होतं. समोरून गाडी नसेल तर पहिलं वळण येईपर्यंत अप्पर लावाल का, आणि जरा सावकाश घ्याल का, एवढंच त्याचं मागणं. ड्रायव्हर हसला. "लावतो की दाजी. देवीच्या वाटंला उजेडच हाय."

मी धावत दुसऱ्या खुणेपाशी गेले, तिथून वळणापर्यंत सगळा पट्टा दिसतो. एफ 8, आयएसओ 200, तीस सेकंद. नेम, म्हणजे फोकस, बुंध्यावर टॉर्च मारून आधीच धरलेला, आणि लेन्सची रिंग चिकटपट्टीने बांधलेली, कारण अंधारात कोटाची बाही लागली तरी नेम हलतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग, उन्हावरच ठेवला होता. तो आपोआपवर टाकला तर कॅमेरा हॅलोजनचा पिवळेपणा पुसून टाकतो. समोरचा रस्ता एकदाचा मोकळा झाला. नवऱ्याने टॉर्च हलवला.

टेम्पो हलगीसकट निघाला. अप्पर लागली आणि डोक्यावर तो मांडव खालून पेटला. पानांची पालथी बाजू, फांद्यांची जाळी, आणि त्या कापलेल्या पारंब्या, शेकडो, एका रेषेत, प्रत्येकीच्या टोकाला पिवळ्या मुळांचा झुपका दिव्यासारखा. त्यांच्या सावल्या टेम्पोबरोबर पुढे पुढे सरकत होत्या, जणू झाडंच मागे पळत होती. समोर वळणावर मावळतीचा शेवटचा जांभळा. वळणापर्यंत मी श्वास घेतला नसावा. मग डिपर झाला, हलगी लांब गेली आणि कॅमेऱ्याने खट् केलं.

त्यानंतरचे चाळीस फोटो घेतले नसते तरी चाललं असतं.

रात्री अकराला पुन्हा बाहेर आलो, खास चांदण्यासाठी. इथे माझा वहीतला अभ्यास उपयोगी पडला, पण उलटा. यावेळी पौषाचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येणार होता. म्हणजे उजेड थेट वरून, आणि वर तर मांडव. रस्त्यावर नाण्याएवढे चांदण्याचे ठिपके पडले होते आणि बाकी ठार काळोख. डोळ्यांना सुंदर, कॅमेऱ्याला काहीच नाही. झाडांच्या रस्त्यावर चांदणं हवं असेल तर चंद्र खाली असताना या, उगवताना किंवा मावळताना. मधल्या वेळात झोपा.

रविवार, 4 जानेवारी

साडेपाचचा गजर. नवरा उठेना, म्हणून काकांच्या पुतण्याला सोबत घेतलं. बारावीत शिकणारा मुलगा, सीईटीच्या अभ्यासाला तसाही उठलेला होता. धुकं नव्हतं. आणि रस्ता रिकामा! चाललेले सगळे देवीपाशी पोहोचले होते, परतणारे अजून निघाले नव्हते. पुतण्या म्हणाला, "आता सातपर्यंत कुणी नाही ताई. मग बघा कशी लाइन लागतीय."

चंद्र वायव्येला डोंगरावर उतरला होता. रस्ता जिथे किंचित उजवीकडे वळतो तिथे तो अगदी मांडवाच्या तोंडाशी आला. बाजूने आलेलं चांदणं बुंध्यांच्या उजव्या कडेवर, डांबरावर लांबलचक सावल्या. आयएसओ 800, एफ 4, पंचवीस सेकंद. दोन फोटो, तीन, पाच. चंद्र स्वतः पांढरा ठिपका होऊन जळतो, म्हणून तो एका फांदीमागे लपवला. हललेला नाही, नेम अचूक, एकही गाडी नाही. तीन वर्षं डोक्यात होता तो हाच फोटो, अगदी तसाच.

पुतण्याने पडद्यावर बघितलं. "भारीय," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "कालचा दाखवा ना, टेम्पोचा."

साडेसात-आठला परतीची रांग लागली. काकांकडे शेवटचा चहा घेतला, पैसे घेईनात तेव्हा भावजयीच्या हातात दिले. येणाऱ्यांसाठी थोडकं सांगते. हा रस्ता चोवीस तास वाहता आहे, कॅमेरा डांबरावर ठेवण्याचा मोह झाला तरी ठेवू नका. रात्री झाडावर फ्लॅश किंवा मोठा टॉर्च मारत बसू नका, ड्रायव्हर दचकतात. कोणाला अप्पर लावायला सांगायचं ते चहाच्या टपरीवर, चालत्या गाडीला हात करून नाही. आणि पौर्णिमा कोणती आहे ते घरातल्या मोठ्यांना विचारून निघा.

बोगद्यातून बाहेर पडताना नवरा म्हणाला की त्यालाही एक कॅमेरा घ्यावासा वाटतोय. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी पोहोचलो तर शाकंभरीच्या भाज्यांचं उरलेलं कालवण गरम करून ठेवलेलं होतं. जेवण झाल्यावर सासूबाईंनी चष्मा लावला आणि मी संगणक त्यांच्यासमोर ठेवला. रिकाम्या रस्त्याचा, चंद्राचा फोटो त्यांनी पाहिला, "छान आहे गं, शांत," म्हणाल्या. मग टेम्पोचा लावला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"पण माणसं कुठायत यात?"

"तीस सेकंदांत पुढे निघून गेली. ती लाल रेघ आहे ना, ती त्यांची."

त्यांनी बोट टेकवून ती रेघ खालपासून वळणापर्यंत हळूहळू फिरवली. पडद्यावर तेलकट ठसा उमटला.

"मग माझी ओटी इथे आहे म्हण की," त्या म्हणाल्या, आणि बोट वळणाच्या थोडं पुढे, फोटोच्या चौकटीबाहेर नेऊन ठेवलं. "नाही, इथे. एव्हाना वर पोहोचली असेल."